बंदुकीच्या दोन्ही बाजूंना



बक्षिसं वाटून झाली की नाटक सुरू व्हायच्या आधी पाहुणा उभा राहतो, आणि मागच्या सतरंजीवर चुळबुळ सुरू होते. मीही त्याच सतरंजीवर वाढलोय. थोडक्यात आटोपतो.

नववीची मुलं कुठे आहेत? जरा हात वर करा. चौदा वर्षांची ना? मग हे तुमच्यासाठी.

२१ जानेवारी १९९५ची रात्र. अमेरिकेतलं सॅन डिएगो. वीस वर्षांचा तारिक खमिसा कॉलेजात शिकत होता आणि जोडीला घरोघर पिझ्झा पोहोचवत होता. त्या रात्रीच्या ऑर्डरवरचा पत्ता खोटा निघाला. फुकटचा पिझ्झा उकळायला टोळकं टपलेलं. तारिकनं काही पिझ्झा दिला नाही, तो गाडीत बसून निघाला. म्होरक्यानं हुकूम सोडला आणि टोनी हिक्सनं गोळी झाडली. टोनीचं वय चौदा.

एका पिझ्झ्यापायी!

तारिकचे वडील अझीम खमिसा. जन्म केनियातला, व्यवसाय गुंतवणुकीचा. एकुलता एक मुलगा गेला. पण त्यांना बंदुकीच्या दोन्ही बाजूंना बळीच दिसले. एक मुलगा मेला होता, दुसरा जन्माचा वाया चालला होता. त्याच वर्षी त्यांनी तारिकच्या नावानं संस्था काढली आणि टोनीला वाढवणारे आजोबा प्लेस फेलिक्स यांची गाठ घेतली. पुढे वर्षानुवर्षं हे दोघं बरोबरीनं शाळांत जायचे. गेलेल्याचा बाप आणि मारणाऱ्याचा आजोबा, व्यासपीठावर शेजारी-शेजारी, आणि समोर तुमच्याएवढी मुलं. त्या दोन खुर्च्या डोळ्यांसमोर आणून बघा.

टोनीची शिक्षा अझीम यांच्या क्षमेनं टळली नाही. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या नव्या कायद्यानुसार त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला भरला गेला. पंचवीस वर्षं ते जन्मठेप. पाच वर्षांनी अझीम तुरुंगात जाऊन त्याच्यासमोर बसले. सुटलास की आमच्या संस्थेत तुझ्यासाठी काम आहे, असं त्याला सांगून आले.

मला हे जमलं असतं? खरं सांगायचं तर नाही वाटत. आणि ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला आपण बाहेरच्यांनी 'सोडून द्या, माफ करा' म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. क्षमा करायची की नाही, हे फक्त त्यानंच ठरवायचं. आपल्या हातात आहे ते त्याच्या आधीचं, म्हणजे म्होरक्या हुकूम सोडतो त्या क्षणी हात न उचलणं. शाळेच्या मागच्या गल्लीत असे क्षण येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

टोनी २०१९ साली सुटला. चौदाव्या वर्षी घडलेल्या गुन्ह्यासाठी आत गेलेला पोरगा चाळिशीला टेकून बाहेर आला. त्याला सोडावं म्हणून शब्द टाकणाऱ्यांत तारिकचे वडील होते.

मुख्याध्यापिका बाई, नाटक सुरू करायला हरकत नाही.