बीअर, पण कडू नसलेली

बीअर म्हटली की ती कडूच असायची, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडच्या मध्य भागात राहून सुटीच्या दिवशी मी घरी जी बीअर करतो ती मात्र कडू नसते. भाजलेल्या धान्याची, किंचित गुळचट चव असलेली ही काळसर बीअर 'माइल्ड' म्हणून ओळखली जाते. माइल्ड म्हणजे सौम्य, पण पूर्वी या नावाचा अर्थ वेगळा होता. पिंपात महिनोन्‌महिने न मुरवता ताजी विकली जाई, ती माइल्ड.

खाणीत आणि भट्टीपुढे राबणाऱ्या कामगारांचे हे पेय. आजच्या माइल्डमध्ये अल्कोहोल साधारण ३ ते ३.५ टक्के असते. १९६०च्या सुमारापर्यंत ब्रिटनमध्ये हीच बीअर सर्वांत जास्त खपत असे. पुढे लागर बीअरची चलती झाली, खाणी आणि कारखाने बंद पडत गेले आणि बहुतेक पबमधून माइल्ड दिसेनाशी झाली.

आता कृती. आपण नाचणीला मोड आणतो, वाळवतो, भाजतो आणि सत्त्व करतो. बार्लीला तसेच मोड आणून वाळवले की माल्ट तयार होते. वीस लिटरसाठी मी साधे माल्ट ३ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम आणि चॉकलेट माल्ट १०० ग्रॅम घेतो. चॉकलेट हे नाव फक्त रंगावरून, त्यात चॉकलेट नसते.

चव धान्याची हवी म्हणून साखर घालावी, असे कोणालाही वाटेल. पण साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकते आणि बीअर उलट पाणचट होते. खरी किल्ली आहे तापमानात. भरडलेले माल्ट ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास भिजवले, तर पिठूळ भागाची बहुतेक यीस्टला पचणारी साखर होते. ६८ अंशांवर तासभर ठेवले, तर न पचणारा भागही बराच उरतो आणि तोच जिभेला भरीवपणा देतो. म्हणून भांड्याला जाड पांघरूण गुंडाळून मी घड्याळाकडे आणि तापमापीकडे लक्ष ठेवतो.

गाळलेला गोड काढा तासभर उकळायचा. कडूपणा येतो तो हॉप्सच्या फुलांनी. मी 'फगल' जातीचे केवळ २५ ग्रॅम हॉप्स घालतो. गोडी बेचव होऊ नये एवढाच त्यांचा उपयोग. काढा थंड करून इंग्लिश एल यीस्ट घालायचे आणि २० अंशांच्या आत आठवडाभर आंबू द्यायचे. उकळल्यानंतर लागणारे प्रत्येक भांडे जंतुरहित हवे, नाहीतर सगळे आंबट होते.

ब्रिटनमध्ये घरी बीअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. तेव्हापासून हा छंद घरोघरी पोचला. आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बीअर करणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९७१ साली स्थापन झालेली 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ही ग्राहकांची संघटना मे महिना माइल्डसाठी राखते. त्या महिन्यात पबवाल्यांना माइल्ड ठेवण्याचा आग्रह होतो. उरलेल्या अकरा महिन्यांची काळजी आमच्यासारख्या हौशी मंडळींनी घ्यायची. पदार्थाची कृती पुस्तकात छापलेली असते, पण त्याची चव टिकते ती कोणीतरी तो करत राहिला तरच.