स्वाधार योजना आणि खोलीचे भाडे



शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने जानेवारी २०१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा निर्णय काढला. त्यात मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००.

आम्ही बँकेत आकडेच मोजतो. निवासाचे २०,००० बारा महिन्यांत वाटले की महिन्याला १,६६६ रुपये हाती येतात. भाडे वाढले तरी ही रक्कम वाढत नाही. म्हणून गावाकडून आलेली तिघे-चौघे मुले एका खोलीत राहतात.

खरी अडचण पुढेच आहे. अर्जासोबत भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो. मालक करारात एकाचेच नाव घालतो, नाहीतर करारच टाळतो. मग भाडे भरूनही बाकीची मुले अडकतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मढमध्ये आपल्यापैकी ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनी राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव करारात घालावे. शासनाची रक्कम वाढवणे आपल्या हातात नाही. सही करणे आहे.

जय भीम!