ससा आठवतो, लाटणारी नाही

(तळेघर, ता. आंबेगाव येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी एकजण म्हणाली, "ताई, आपल्या नाचणीच्या पापडाचीपण टीव्हीवर असते तशी हसवणारी जाहिरात करू या." हसवणारी म्हणजे कुठली, असं विचारलं तर चारपाच जणी एकदम बोलल्या: सशाची!

लिज्जतचा तो ससा १९८०च्या दशकात दूरदर्शनवर आला. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये यांचा तो बाहुला. पापड खायचा आणि खिदळायचा. मला ती जाहिरात आजही आवडते, कारण तिथे हसण्यासाठी कुणा बाईला वेडं ठरवलेलं नाही. नाहीतर सुनेची भाजी बिघडते, नवरा तोंड वाकडं करतो, सासू डोळे वटारते आणि मसाल्याची पुडी आली की घर हसतं. आधी बाईचं हसं, मग मालाची विक्री!

तरी सशाबद्दल माझी एक तक्रार आहेच. संस्थेच्या नावातच 'महिला गृह उद्योग' आहे, पण लोकांच्या लक्षात राहिला ससा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळायला २०२१ साल उजाडलं. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, सभासद आहे. पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड वजन करून द्यायचे, लाटणावळ घ्यायची. नफ्यातही वाटा. हे किती जणींना ठाऊक होतं?

आपण जाहिरात जरूर करू, पण विनोद आपल्या तोंडचा असू दे. वाळवणावर कोंबडी आली की हातातली उकड टाकून आपण धावतो आणि ओट्यावरचा घरधनी बसल्या जागेवरून नुसता "शुक् शुक्" करतो! (हसताय ना? म्हणजे घरोघरी तेच.) मोबाइलवर चित्रण करणारा म्हणेल, एखादी तरणी, गोरी पोर उभी करा. त्याला सांगायचं, जिने पापड केले तीच दिसेल.

आणि त्याआधी एक काम. मागच्या वर्षीचा हिशेब मी पाहिला. नाचणीचे पैसे धरलेत, तिळाचे, पिशव्यांचे, घोडेगावच्या गाडीभाड्याचेसुद्धा. लाटणावळीचा रकाना कोरा आहे. पाकिटामागे किती धरायची, ते आज इथेच ठरवू. वही कुणाकडे आहे?