सॉफ्टवेअर करून घ्यायचं, पण कुणाकडून?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आयटीतले अनुभव सांगायला उभं केलंय. पण आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाल्यापासून मला एकच प्रश्न येतो. रांजणगाव एमआयडीसीत वर्कशॉप असलेला विचारतो, केडगावचा गुऱ्हाळवाला विचारतो, दौंडला क्लास चालवणारी मैत्रीण विचारते, "ॲप करायचंय गं. एखादा फ्रीलान्सर पोरगा बघू, की पुण्यातली कंपनी?" त्याचं उत्तर आज सगळ्यांना एकदम देते. आधी माझी चूक सांगते, कारण तिचा फटका ज्याला बसला तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच सांगतेय.

2014 साली मुलगी लहान होती, म्हणून नोकरी सोडून मी घरून कामं घ्यायचे. या मित्राचं शिरूर तालुक्यात दूध संकलन केंद्र. त्याला मी सॉफ्टवेअर करून दिलं. लिटर, फॅट, एसएनएफ टाकलं की पावती, आणि दर दहा दिवसांनी बिलं तयार. कंपनीने सांगितलेल्या पैशांच्या चौथ्या हिश्श्यात काम झालं, दोघंही खूष. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून काढतात, आणि पॉइंट वरखाली झाला की पैसे बदलतात. ते गणित मी घाईत थेट प्रोग्रॅममध्येच लिहून टाकलं. त्याला स्वतःला बदलता येईल अशी सोय ठेवली नाही.

वर्षभराने मला बंगळुरूला नोकरी लागली. इकडे दरपत्रक बदललं. त्याचे फोन यायचे, मी म्हणायचे, "रविवारी बघते." असे तीन रविवार गेले. शेवटी बिलाच्या आदल्या रात्री तो आणि वहिनी कॅल्क्युलेटर घेऊन दीडशे शेतकऱ्यांचे हिशेब वहीत करत बसले. चौघांचे चुकले. त्यातल्या दोघांनी दूध दुसऱ्या डेअरीला घालायला सुरुवात केली. माझ्याशिवाय त्या प्रोग्रॅमला हात लावू शकणारं कुणी नव्हतं, आणि मी फोन उचलत नव्हते.

मग तो चिडून एका कंपनीकडे गेला. कंपनीचं काम कसं, ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. ऊसतोडीचा करार मुकादमाशी होतो, उचल त्याला देता, पण फडात कोयता घेऊन कोण उतरणार हे तुमच्या हातात नसतं. पहिल्या मीटिंगला गोड बोलणारे साहेब पुन्हा दिसलेच नाहीत. कामाला आलेल्या पोराला एसएनएफ म्हणजे काय इथपासून शिकवावं लागलं. तो पोरगा सोडून गेला, दुसऱ्याला पुन्हा शिकवलं. प्रत्येक बारीक बदलाला वेगळं बिल, वर 18 टक्के जीएसटी. पण एक गोष्ट त्याने स्वतः मला सांगितली: पोरगा गेला तरी काम थांबलं नाही. कंपनीला जास्तीचे पैसे देतो ते यासाठी. तेवढंही जिथे मिळत नाही, त्या कंपनीत जाऊ नका.

म्हणून मी आता उलटा प्रश्न विचारते. हे बंद पडलं तर किती दिवस चालवून घ्याल? क्लासची वेबसाइट आठवडाभर बंद राहिली तर आभाळ कोसळत नाही. तिथे चांगला एकटा माणूस घ्या, स्वस्तात होईल आणि मन लावून करेल. पण ज्याच्यावर रोज लोकांचे पैसे ठरतात, तिथे किमान दोन माणसांना काम माहीत हवं आणि देखभालीचा करार हवा. आणि दूध, किराणा, बिलिंग यांची तयार सॉफ्टवेअर मिळतात, ती आधी बघा. माझ्या धंद्याविरुद्ध बोलतेय, पण पुष्कळांना नवीन करून घ्यायची गरजच नसते.

एक कायद्याची गोष्ट मात्र लिहून घ्या. पैसे दिले म्हणजे प्रोग्रॅम आपला झाला, असं आपण धरून चालतो. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे तसं नाही. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेलं मालकाचं होतं, पण फ्रीलान्सर किंवा कंपनी तुमची नोकर नाही. हक्क तुमच्या नावे केल्याचं सहीनिशी लेखी हवं. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. म्हणून "कायमस्वरूपी" हा शब्द घाला. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या. प्ले स्टोअरचं खातंही तुमचंच, त्याचे एकदाच 25 डॉलर लागतात. सोर्स कोड शेवटी नाही, दर हप्त्याच्या पैशाबरोबर मागा. भाच्याने केलं असेल तरी मागा. भाच्याचं लग्न होतं, तो परदेशी जातो.

ज्यांनी करार आधीच सही करून ठेवलेत, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे आणा, मी संध्याकाळपर्यंत आहे. आमच्या मित्राचं केंद्र आता एका तयार सॉफ्टवेअरवर चालतं. दरपत्रक तो स्वतः बदलतो, मला विचारत नाही. आजच्या बासुंदीला दूध त्याच्याकडूनच आलंय.