आधी पत्ता विचारा

(एकोडी, जि. भंडारा इथं केलेलं भाषण)



कॉलेजातली पोरं आळशी झालीत, मोबाईलला चिकटलीत, हे तुम्ही पुष्कळ ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम करावा. कबूल. पण कुठं करायचा? पोरगा राहतो कुठं, हे कोणी विचारत नाही.

घरी राहून साकोलीला कॉलेजात जाणारा पोरगा सायकल हाणतो. पावसाळ्यात बांधीत चिखल तुडवतो, पऱ्हे उपटतो, रोवणीला वाकतो. पण हे श्रम आहेत, खेळ नाही. मी गोदीत ओझी उचलतो. दंड टणक झाले, कंबर मात्र तिशीच्या आधीच बोलायला लागली. ओझं मुकादम ठरवतो, विसावाही तोच ठरवतो. डॉक्टरही आता सांगतात, कामातली ओढाताण आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम, दोन्हींचा अंगाला सारखा गुण येत नाही. म्हणून 'तुमची माणसं कष्टाळू, तुम्हाला मैदान कशाला?' असं कोणी म्हणालं तर त्याला तिथंच अडवा.

तोच पोरगा नागपूरला गेला. वसतिगृहात नंबर लागला तर चार सोबती मिळतात. आवार असलं तर संध्याकाळी कबड्डी रंगते. नंबर नाही लागला तर भाड्याची खोली. २०१६-१७ साली सुरू झालेल्या स्वाधार योजनेत नागपूर-मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले, त्यात निवासाचे २०,०००. बारानं भागा. महिन्याला १,६६६. एवढ्यात खाट मिळेल, मैदान कुठलं? एका खोलीत तिघं. एकानं जोर काढायचे तर दोघांनी दाराबाहेर उभं राहायचं.

आणि पोरगी? घरी असली तर पाणी, चूल, धुणं. दिवसभर राबणं, खेळ शून्य. शहरात गेली तर रस्त्यावर नजरा, वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद, आणि मैदान आपणच पोरांनी अडवलेलं. हे आपल्याला सांगायला बाहेरचा कोणी कशाला पाहिजे?

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. शिकायचं तर आधी राहायला जागा पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच सभेनं मुंबईत महार हॉकी क्लबही चालवला. शंभर वर्षांपूर्वी, पैशाची चणचण असताना, आपल्या माणसांनी पुस्तक, खाट आणि हॉकीची काठी एकाच हिशेबात धरली. मग आज आपण फक्त खाटच का मागतो?

तेव्हा वसतिगृहासाठी अर्ज लिहाल, मोर्चा न्याल, तेव्हा जेवण-पाण्याच्या खाली मैदान लिहा. पोरींसाठी राखीव वेळ लिहा. खोली करून राहणाऱ्यांना कॉलेजचं मैदान सकाळ-संध्याकाळ उघडं राहील, हे लिहा. ही चैन नाही. आपल्या बापाचं अंग दुसऱ्यांची ओझी वाहण्यात झिजलं. पोरांचं अंग एकदा तरी स्वतःच्या मर्जीनं धावलं पाहिजे.

जयभीम.