चालकापुढील पडदा



लखनौचे नाव अनेक मराठी घरांत पोहोचले ते पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांनी तेथे संगीत महाविद्यालय निघाले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, अशा मोजक्या खुणांनी त्यांनी स्वरलिपी बांधली. खूण थोडी असावी आणि तिचा अर्थ एकच असावा, ही शिस्त त्या लिपीत आहे.

त्याच शहरात, मानकनगर येथे, भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था आहे. दोन जुन्या संस्था एकत्र करून ती १९५७ साली उभी राहिली. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेचे तांत्रिक मानक तेथेच ठरते. परभणी-नांदेड मार्गावरील इंजिनचालकाला आपला वेग, अनुमत वेग आणि पुढील सिग्नलचा रंग पडद्यावर कसा दिसावा, याचा निर्णय असा लखनौत होतो.

असे पडदे आता सर्वत्र आहेत. लखनौजवळ भरवारा येथे दररोज ३४.५ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र आहे. अशा केंद्रातील एक पंप उदाहरणादाखल घ्यावा. पूर्वी त्याच्यासाठी लोखंडी पेटीवर बटणे आणि दिवे असत. आता स्पर्शाने चालणारा पडदा असतो. तो तयार करण्याचे सॉफ्टवेअर वापरावयास सोपे आहे. तयार चित्रसंग्रहातून पंपाचे चित्र उचलावे, पडद्यावर ठेवावे आणि नियंत्रकातील एखाद्या ‘टॅग’शी जोडावे. टॅग म्हणजे नियंत्रकाच्या स्मृतीतील एका नोंदीला दिलेले नाव. चित्र पाच मिनिटांत होते. खरे काम टॅग निवडण्याचे आहे.

‘पंप सुरू करा’ हा हुकूम एका टॅगमध्ये असतो. पंपाचा विद्युत संपर्क जुळल्याची पोच दुसऱ्यात. नळातून पाणी वाहत असल्याची नोंद तिसऱ्यात. हिरवा रंग पहिल्याशी जोडला तरी पडदा सुरेखच दिसतो. मात्र मोटार जळालेली असली तरी तो ‘चालू’ असेच सांगत राहतो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात नेमके हेच घडले. झडप बंद करण्याचा हुकूम गेला आणि दिवा विझला. झडप उघडीच राहिली. दिवा हुकुमाचा होता, झडपेचा नव्हता. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीतील शीतक पाणी निसटत राहिले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

दुसरा दोष अतिबोलकेपणाचा. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोन चालकांपुढे २७५ इशारे आले. इतके वाचणार कोण? म्हणून जाणते अभिकल्पक आज पडदा करड्या रंगात ठेवतात आणि भडक रंग केवळ बिघाडासाठी राखतात. असा पडदा पाहून ग्राहक नाखूश होतो. त्याला चकाकणाऱ्या टाक्या आणि फिरती पाती हवी असतात. त्याची समजूत घालणे हाही या कामाचाच भाग.

रंगांचेही एकमत नाही. यंत्रावर हिरवा म्हणजे चालू. आपल्याकडील वीज उपकेंद्रांत मात्र ब्रेकर जोडलेला असल्याची खूण लाल आणि तोडलेला असल्याची खूण हिरवी. एकाच पडद्यावर पंप आणि ब्रेकर दोन्ही असतील तर रंगाबरोबर शब्द हवाच.

आणि येथे मराठी शाळेत शिकलेल्या अभियंत्याची खरी गरज भासते. इंग्रजीत ब्रेकर ‘क्लोज्ड’ म्हणजे मंडल जुळलेले, तार जिवंत. कोशात पाहून त्याचे ‘बंद’ असे भाषांतर केले, तर मराठी कामगार काय समजेल? दिवा बंद, पंखा बंद, तसा प्रवाहही बंद. तो निर्धास्तपणे तारेला हात लावील. हिंदीतही हाच धोका आहे. झडपेला ‘बंद’ शोभते. ब्रेकरला ‘जोडलेला’ आणि ‘तोडलेला’ हेच शब्द हवेत. ही चूक सॉफ्टवेअर पकडू शकत नाही. भाषा जाणणाराच पकडतो.

स्पर्शाचीही एक अडचण आहे: काचेवर बटण बोटाला जाणवत नाही, ओझरता धक्काही हुकूम ठरतो. रेल्वेच्या जुन्या सिग्नल पॅनेलवर सांधा बदलण्यासाठी त्या सांध्याचे आणि गटाचे अशी दोन बटणे एकदम दाबावी लागत, आणि आणीबाणीच्या प्रत्येक कृतीची मोजणी एका गणकावर होई. ती कल्पना जुनाट समजून टाकू नये. धोक्याच्या हुकुमाला पडद्यावरही दुसरी, वेगळ्या जागी असलेली संमती असावी, आणि कोणी केव्हा हुकूम दिला याची नोंद राहावी.

पडदा सुपूर्द करण्यापूर्वीची चाचणी साधी आहे. रात्रपाळीच्या चालकाला समोर बसवावे आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच्या तोंडून ऐकावा. मग कोणाला न सांगता पंपाची वीज काढून घ्यावी, आणि पडदा काय म्हणतो ते पाहावे.