विद्यापीठ आणि मणिबेली

जगांतील विषमतेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठांत आंकड्यांची वाण पडत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत शेंकडा 69 लोक आदिवासी, हें 2011 ची शिरगणती सांगतेच. पण श्रोतेहो, अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेली कोणत्या रकान्यांत मांडावयाची?

सरदार सरोवरासाठीं जागतिक बँकेनें 1985 सालीं 45 कोटी डॉलर मंजूर केले. धरणाच्या फुगवट्यांत नर्मदाकांठचें हें गांव बुडणार होतें. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारे आदिवासी दप्तरांत मात्र ‘अतिक्रमणदार’! सातबारा नाहीं म्हणून ते भूमिहीन, आणि भूमिहीन म्हणून पुनर्वसनाचा हक्कही तोकडा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत पीएच्. डी. करणाऱ्या मेधा पाटकर प्रबंध अपुरा टाकून या खोऱ्यांत आल्या. (प्राध्यापकांनीं रागावूं नये, प्रबंध टाकावेत असा याचा अर्थ नव्हे.) दप्तरांत जें नोंदलेलेंच नाहीं, तें पाहावयास डोंगर चढावाच लागतो.

बँकेनेंच नेमलेल्या मोर्स समितीनें 1992 सालीं पुनर्वसन सदोष ठरविलें. मार्च 1993 मध्यें भारत सरकारनें उरलेल्या कर्जावर पाणी सोडलें. त्याच वर्षीं बँकेनें प्रकल्पग्रस्तांच्या तक्रारींसाठीं तपासणी मंडळ स्थापिलें. आज देशोदेशींचे विद्यार्थी तें अभ्यासतात. मणिबेलींतील घरांत पाणी शिरलें, तेंही त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत.